हा फोटो कुठला?

परभणीच्या माणसाला दोन म्हणी लहानपणापासून पाठ असतात. एक, 'जगात जर्मनी, भारतात परभणी' आणि दुसरी, 'बनी तो बनी, नहीं तो परभणी'. पहिली ऐटीत सांगायची, दुसरी स्वतःवर हसत. पहिल्या म्हणीत जर्मनी कुठून आली, हे कोडं बत्तीस वर्षं भूगोल शिकवूनही मला सुटलेलं नव्हतं. यमकासाठी आली असेल, असं म्हणून मी सोडून दिलं होतं. मागच्या उन्हाळ्याच्या सुटीत माझी तेरा वर्षांची नात पुण्याहून आली आणि तिनं संगणकावर मला जगाचा एक नकाशा दाखवला. नकाशा काही वर्षांपूर्वीचा होता. युरोपभर निळ्या रेघांचं जाळं पसरलेलं आणि त्याच्या मधोमध जर्मनी जवळजवळ कोरी, नुसते काही शहरांचे ठिपके. इकडे आशियात भारतही तसाच कोरा. म्हणजे जगात जर्मनी आणि भारतात परभणी, दोन्ही एकाच रांगेत बसलेले! हा नकाशा कशाचा, ते कोरे का होते, आणि त्याच्याशी जोडलेला एक खेळ माझ्या घरातल्या जुन्या फोटोपर्यंत कसा येऊन पोचला, हे आज सांगायचं आहे.

खेळाचं नाव जिओगेसर. अँटन वॉलेन नावाच्या स्वीडनमधल्या एका संगणक तंत्रज्ञानं तो २०१३ साली तयार केला. खेळ सांगायला अगदी सोपा आहे. पडद्यावर जगातल्या कुठल्या तरी रस्त्याचा फोटो येतो. फोटो म्हणजे चौकट नव्हे. तुम्ही त्या रस्त्यावर उभे आहात आणि मान वळवून चारी दिशांना बघू शकता, असा. गावाचं नाव दिलेलं नसतं. आजूबाजूला बघायचं, विचार करायचा आणि बाजूच्या नकाशावर बोट ठेवून सांगायचं की मी इथं आहे. खऱ्या जागेच्या जितकं जवळ बोट पडेल तितके गुण जास्त. एका फेरीला जास्तीत जास्त ५००० गुण, अशा पाच फेऱ्या, एकूण २५,००० गुण. पूर्वी हा खेळ मनसोक्त फुकट खेळता यायचा. आता फुकटात थोडंच मिळतं, बाकीसाठी वर्गणी भरावी लागते. लोक भरतातही. २०२३ साली स्टॉकहोममध्ये या खेळाची जागतिक स्पर्धा झाली आणि प्रेक्षक क्रिकेटसारखे ओरडत होते, असं नातीनं मला चित्रफितीत दाखवलं.

हे फोटो येतात गुगलच्या 'स्ट्रीट व्ह्यू'मधून. टपावर अनेक भिंगांचा कॅमेरा बसवलेली मोटार रस्त्यानं जाते आणि ठराविक अंतरावर चहूबाजूंचे फोटो घेत राहते. २००७ साली अमेरिकेत हे काम सुरू झालं. नकाशावरची निळी रेघ म्हणजे ही मोटार तिथून गेलेली आहे, एवढाच अर्थ.

आता माझी पहिली फेरी ऐका. लाल माती, केळीची झाडं, ओलाचिंब हिरवा डोंगर, मोटरसायकल रस्त्याच्या डाव्या बाजूनं चाललेली. पाटी एकही नाही. मी छातीठोकपणे रत्नागिरीवर बोट ठेवलं. निघालं युगांडा! जवळजवळ पाच हजार किलोमीटरनं चुकलो. पाच हजारांपैकी दोनशेच्या आसपास गुण मिळाले. बत्तीस वर्षं ज्यांना मी आफ्रिका खंड शिकवला त्यांच्यापैकी कुणी तिथं नव्हतं, हे बरं झालं. नात मात्र म्हणाली, "आजोबा, तुम्हाला आवडलेलं सांगताय. दिसतंय ते सांगा ना."

तिचं वाक्य माझ्या डोक्यात राहिलं. रत्नागिरी म्हणताना मी फोटो बघतच नव्हतो. मला कोकण आठवलं आणि पुढचं बघायचं मी थांबवलं होतं. खेळणारे काय बघतात, ते मग मी तिच्याकडून शिकलो.

पहिली गोष्ट, वाहनं कुठल्या बाजूनं चालतात. जगातले सुमारे पाऊणशे देश आणि प्रदेश डावीकडून चालतात. भारत, पाकिस्तान, श्रीलंका, जपान, थायलंड, ऑस्ट्रेलिया, केनिया, दक्षिण आफ्रिका वगैरे. बाकीचे उजवीकडून. ज्या स्वीडनमध्ये हा खेळ जन्मला तो देश स्वतः डावीकडून चालायचा आणि ३ सप्टेंबर १९६७ रोजी एका दिवसात उजवीकडे गेला. वाहनं डावीकडून चालताना दिसली की निम्म्याहून जास्त जग बाद होतं.

दुसरी, लिपी. अक्षर वाचता आलं नाही तरी चालतं, ओळखता आलं पाहिजे. रशियन वळणाच्या अक्षरांत वर टिंब असलेली उभी काठी दिसली तर तो बहुधा युक्रेन, कारण आजच्या रशियनमध्ये ते अक्षर नाही. आपल्याकडचंच घ्या. धर्माबाद किंवा देगलूरच्या पुढं गेलात की तेलुगू पाट्या लागतात. तेलुगू आणि कानडी अक्षरं आपल्याला सारखीच वाटतात, पण तेलुगू अक्षरांच्या डोक्यावर मास्तरनं 'बरोबर'ची खूण करावी तसं चिन्ह असतं. देवनागरी दिसली म्हणून लगेच महाराष्ट्र समजू नये, हिंदी आणि नेपाळीही त्याच लिपीत लिहितात. पण पाटीवर 'ळ' दिसला की हिंदी बहुतेक गेली, आणि 'आहे' दिसलं की प्रश्नच मिटला.

तिसरी, खांब, मैलाचे दगड, वाहनांच्या पाट्या. या बारीकसारीक वस्तू प्रत्येक देश आपल्या पद्धतीनं करतो आणि वर्षानुवर्षं बदलत नाही. जपानमधल्या विजेच्या खांबांना खालच्या बाजूला पिवळे-काळे पट्टे गुंडाळलेले असतात. ब्रिटनमध्ये गाडीची पुढची पाटी पांढरी आणि मागची पिवळी. वाहनांचे क्रमांक आणि माणसांचे चेहरे गुगल पुसट करून टाकतं, पण पाटीचा रंग कळतो. हे पुसट करणारं यंत्रच असल्यामुळे ते कधीकधी फार काळजी घेतं. इंग्लंडमध्ये केंब्रिजजवळ चरणाऱ्या एका गाईचा चेहरासुद्धा त्यानं पुसट केला होता. २०१६ साली त्या गाईची बातमी जगभर छापून आली.

पट्टीचे खेळाडू तर कॅमेऱ्याची मोटारसुद्धा बघतात. केनियात फिरलेल्या मोटारीला हवा ओढणारी उंच नळी होती आणि ती फोटोच्या कडेला दिसते. मंगोलियात मोटारीच्या टपावर मुक्कामाचं सामान बांधलेलं दिसतं. ते दिसलं की देश ओळखला. मला हे काही पटत नाही. प्रश्न न वाचता परीक्षकाच्या हस्ताक्षरावरून उत्तर ओळखण्यासारखं आहे ते. नातीचं म्हणणं, गुण मिळतात ना! तिच्या वयाला मीही असंच म्हटलं असतं.

चौथी गोष्ट सूर्य, आणि इथं मला माझा भूगोल उपयोगी पडला. साधा नियम असा की उत्तर गोलार्धात दुपारी सूर्य दक्षिणेला असतो, दक्षिण गोलार्धात उत्तरेला. फोटोबरोबर होकायंत्र दिलेलं असतं. सावली कुठं पडली ते बघायचं आणि गोलार्ध ठरवायचा. नातीनं हा नियम घोकून ठेवला होता. मी तिला म्हटलं, "बाई, तुझा नियम परभणीत मे महिन्यात चुकतो." तिला खरं वाटेना. परभणी साधारण सव्वाएकोणीस अक्षांशावर आहे, म्हणजे कर्कवृत्ताच्या खाली. उत्तरायणात वर सरकणारा सूर्य मेच्या तिसऱ्या आठवड्यात दुपारी आपल्या अगदी डोक्यावर येतो. त्या दिवशी उभ्या काठीची सावली काही क्षण नाहीशी होते. तिथून जुलैच्या अखेरीपर्यंत दुपारचा सूर्य आपल्या उत्तरेला असतो! गल्लीतल्या उत्तरेच्या भिंतीवर एरवी वर्षभर दुपारचं ऊन येत नाही, ते या दिवसांत येतं. आम्ही दोघांनी अंगणात झाडूची काठी उभी करून हे पाहिलं. शेजारच्या बाईंना वाटलं, आजोबांना ऊन लागलं.

अशा वेळी सूर्यावर विसंबायचं नाही, छपरावर बघायचं. दूरदर्शनच्या छत्र्या कुठं तोंड करून बसल्या आहेत? त्यांचे उपग्रह विषुववृत्ताच्या वर ठाण मांडून असतात. म्हणून आपल्याकडच्या छत्र्या बारा महिने दक्षिणेकडे किंवा आग्नेयेकडे बघतात. ऑस्ट्रेलियातल्या उत्तरेकडे बघतात. ही खूण ऋतू बदलला तरी हलत नाही.

एवढं झाल्यावर मला साहजिकच वाटलं की आता परभणीचा फोटो आला तर तो ओळखायचा कसा? आपल्याला वाटतं, आपला जिल्हा आपण डोळे मिटून ओळखू. खरंच ओळखू का? मी नातीला मोबाईलमधले माझेच जुने फोटो दाखवले. कुठं पीक, कुठं रस्ता, कुठं एसटीचा थांबा, गावाचं नाव कुठंच नाही. त्यातले अर्धे कुठले ते मलाच सांगता येईना! मग आम्ही खुणा लिहून काढायला बसलो.

माती काळी. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा दगड झिजून झालेली ही माती, उन्हाळ्यात तळहाताएवढ्या भेगा पडणारी. पण काळी माती विदर्भातही आहे, खानदेशातही आहे. त्यामुळे तेवढ्यावर थांबता येत नाही. मागं डोंगर आहे का? उत्तरेला जिंतूरचे डोंगर, दक्षिणेला गंगाखेडच्या पलीकडे बालाघाट, आणि मधे गोदावरी, दुधना आणि पूर्णेचं सपाट खोरं. पाथरी-मानवतकडे जायकवाडीच्या डाव्या कालव्याखाली ऊस दिसेल, कोरडवाहू भागात कापूस आणि सोयाबीन, रब्बीत ज्वारी. ज्वारीची 'परभणी मोती' आणि भेंडीची 'परभणी क्रांती' ही वाणं आपल्या कृषी विद्यापीठानं काढली आणि ती राज्याबाहेरही पेरली जातात, म्हणून पिकावरून जिल्हा ठरवायला गेलं की फसगत होते. मैलाचा दगड असेल तर त्याचं डोकं बघा. पिवळं असेल तर राष्ट्रीय महामार्ग, हिरवं असेल तर राज्य महामार्ग, नारिंगी असेल तर ग्रामीण रस्ता. स्वतः काढलेल्या फोटोत वाहनाची पाटी पुसट नसते. एमएच २२ परभणी, २६ नांदेड, ३८ हिंगोली, २१ जालना, २३ बीड. एका चौकात उभ्या असलेल्या दहा गाड्यांपैकी आठ २२च्या असतील तर तुम्ही बहुधा घरीच आहात. आणि सगळ्यात खात्रीची खूण म्हणजे दुकानाची पाटी. खाली कोपऱ्यात 'ता.' आणि 'जि.' लिहिण्याची आपली सवय परदेशातल्या खेळाडूंना देणगीच आहे. जुन्या पाटीवर ०२४५२ दिसलं तरी पुरे.

ही यादी करताना एक गंमत झाली. माझ्या चुलतीचं वय पंच्याऐंशीच्या पुढं आहे. तिला अक्षरओळख नाही. ती बाजूला बसून आमचं ऐकत होती. पडद्यावर एक शेत आलं, आम्ही दोघं पाट्या शोधत होतो, तोवर ती म्हणाली, "ही आपल्याकडली जवारी न्हाई. कणीस बघ की कसं गच्च हाय, अन् ताट बुटकं. आपल्याकडं कडब्यासाठी उंच लावत्यात." फोटो अमेरिकेतल्या कॅन्सस राज्याचा होता. तिकडं ज्वारी यंत्रानं कापतात, म्हणून बुटकी वाणं लावतात. लिपी, खांब, सूर्य, कशाचाही आधार न घेता तिनं भारत बाद केला होता.

आता त्या कोऱ्या नकाशाकडे येतो. दोन देश कोरे होते, पण कारणं वेगळी. जर्मनीत २०१० साली वीस शहरांचे फोटो प्रसिद्ध व्हायच्या आधीच सुमारे २,४४,००० कुटुंबांनी अर्ज केले की आमचं घर पुसट करा. हिटलरच्या राजवटीत आणि पुढं पूर्व जर्मनीत तिथल्या लोकांनी सरकारी पाळत सोसलेली आहे. आपल्या दाराचा फोटो कुणी तिऱ्हाइतानं काढून ठेवणं त्यांना आवडत नाही. गुगलनं पुढच्याच वर्षी तिथलं काम थांबवलं, ते नव्यानं प्रसिद्ध झालं २०२३ मध्ये. भारतात २०११ च्या मे महिन्यात बंगळूरला मोटारी फिरू लागल्या आणि जूनमध्ये पोलिसांनी थांबवल्या. २०१६ साली केंद्र सरकारनं सुरक्षेच्या कारणावरून परवानगी नाकारली. बरीच वर्षं ताजमहालासारखी स्मारकं सोडली तर भारत जगाला या पडद्यावर दिसतच नव्हता. २०२१ मध्ये नकाशांचे नियम सैल झाले, पण रस्त्यावर फिरून फोटो घेण्याचं काम भारतीय कंपन्यांनीच करायचं अशी अट राहिली. त्यानुसार जेनेसिस आणि टेक महिंद्रा या कंपन्यांच्या मदतीनं जुलै २०२२ मध्ये दहा शहरांपासून सुरुवात झाली. त्यातली चार महाराष्ट्रातली होती. मुंबई, पुणे, नाशिक, आणि आपल्या जवळचं अहमदनगर, म्हणजे आताचं अहिल्यानगर.

तिकडं नागरिकांनी स्वतः 'आमचं घर दाखवू नका' म्हटलं, इकडं सरकारनं आमच्या वतीनं म्हटलं. तुमचं-माझं म्हणणं कुणी विचारलं नाही, आणि विचारलं असतं तर आपण काय उत्तर दिलं असतं, हेही मला ठाऊक नाही. कारण आपण स्वतःच रोज किती दाखवतो ते बघा. माझ्या एका जुन्या विद्यार्थ्यानं पुण्यात नवं घर घेतलं आणि गच्चीतून काढलेला फोटो मला पाठवला. पत्ता दिला नव्हता. परीक्षा म्हणून तो मी नातीपुढं ठेवला. समोर पाण्याची टाकी, एका दुकानाची अर्धी पाटी, लांबवर टेकडी. वीस मिनिटांत तिनं रस्ता शोधला आणि मग इमारतही! तिनं नकाशा आणि डोळे यांखेरीज काही वापरलं नाही. मला कौतुक वाटलं आणि त्याच क्षणी पोटात गोळा आला. तेरा वर्षांच्या मुलीला जे जमतं ते वाईट हेतूच्या माणसाला का जमणार नाही?

याहून सोपी वाटही असते. मोबाईलमध्ये ठिकाणाची नोंद चालू असेल तर फोटोच्या पोटात अक्षांश-रेखांश लिहिले जातात. २०१२ साली पोलिसांना चुकवत फिरणाऱ्या जॉन मॅकाफी या अमेरिकी उद्योजकाचा एका नियतकालिकानं फोटो छापला आणि त्या फोटोत दडलेल्या नोंदीवरून तो ग्वाटेमालात आहे हे जगाला कळलं. तेव्हा शाळेच्या गणवेशातल्या लेकराचा, शाळेचं नाव दिसेल असा फोटो सगळ्या जगाला पाठवण्यापूर्वी थोडं थांबावं. सगळं घर तीर्थयात्रेला गेलेलं असताना घाटावरचे फोटो तिथूनच टाकू नयेत, परत आल्यावर खुशाल टाकावेत.

पण हीच नजर उलट्या दिशेनंही कामाला येते. गोदावरीला पूर आला की मोबाईलवर फोटोंचाही पूर येतो. 'गंगाखेडचा पूल', 'पूर्णेचं बसस्थानक' अशा नावानं कुठल्या तरी दुसऱ्याच राज्यातला, कधीकधी दहा वर्षांपूर्वीचा फोटो फिरतो आणि परगावी असलेली लेकरं घाबरून घरी फोन करत बसतात. अशा वेळी फोटोतली एक पाटी, एका रिक्षाचा रंग, एका गाडीचा क्रमांक नीट पाहिला तर पुष्कळदा तिथंच उलगडा होतो. युद्धाच्या बातम्यांतले फोटो खरे की खोटे हे ठरवणारी बेलिंगकॅटसारखी मंडळीही याच रीतीनं काम करतात. सावली, खांब, डोंगराची कड.

आता माझा फोटो. माझी आई १९७२ साली गेली. मी सहा वर्षांचा होतो. तिचा एकच फोटो आमच्याकडे आहे. तळहाताएवढा, कडा दुमडलेल्या, नात्यातल्या कुणाच्या तरी बॉक्स कॅमेऱ्यानं काढलेला. रेल्वेच्या फलाटावर आई उभी आहे, कडेवर मी, पायाशी एक गाठोडं. मागं स्टेशनच्या पाटीचा शेवटचा तुकडा आला आहे आणि त्यावर एक देवनागरी अक्षर दिसतं, 'ड'. घरात सगळे म्हणायचे, हे नांदेड. आईला शेवटच्या दुखण्यात नांदेडला दवाखान्यात नेलं होतं, तेव्हाचा फोटो. वडील या विषयावर बोलत नसत आणि मीही कधी विचारलं नाही. मला तो फोटो बघवायचा नाही. तिच्या चेहऱ्यावर मला दुखणंच दिसायचं. म्हणून तो ट्रंकेत असायचा.

नात म्हणाली, "आजोबा, अजून अवघड फोटो द्या." माझ्याजवळ याहून अवघड फोटो नव्हता. मी ट्रंक उघडली.

तिनं भिंग घेतलं आणि बराच वेळ गप्प बसली. मग विचारलं, "सावल्या रुळांवर आडव्या का पडल्यात?" मी बघितलं. सकाळची किंवा संध्याकाळची लांब सावली, फलाटावरून थेट रुळांच्या आरपार गेलेली. सूर्य त्या वेळी पूर्वेला नाहीतर पश्चिमेला. सावली रुळांना आडवी, म्हणजे रूळ साधारण उत्तर-दक्षिण. मनमाडहून परभणी, पूर्णा, नांदेड, मुदखेड अशी जाणारी लाईन नकाशावर पूर्व-पश्चिम आहे. नांदेडला सकाळची सावली रुळांच्या कडेकडेनं लांबायला हवी. ही गोष्ट मी बत्तीस वर्षं वर्गात शिकवत होतो, बरं का! आणि घरातल्या फोटोवर पन्नास वर्षांत एकदाही लावून पाहिली नव्हती.

आपल्या भागात उत्तर-दक्षिण जाणारी एक लाईन म्हणजे परभणीहून परळीची. तिच्यावर 'ड'नं संपणारं स्टेशन गंगाखेड. मी म्हटलं, "थांब, सावलीचा एवढा भरवसा धरू नको, स्टेशनाजवळ रूळ वळलेलेही असतात." तिनं भिंग सरकवून 'ड'च्या खाली, इंग्रजी ओळीच्या टोकावर धरलं. तिथं एका पागोटेवाल्याचं डोकं मधे आलं होतं आणि अक्षराचा वरचा अर्धा भाग तेवढा दिसत होता. आम्ही सगळे तो 'डी' समजत आलो होतो. पण 'डी'चं पोट तळापर्यंत गोल उतरतं. हे पोट अर्ध्यावरच आत वळलं होतं. ते 'आर' होतं. नांदेड आणि मुदखेड इंग्रजीत 'डी'वर संपतात. गंगाखेडचं स्पेलिंग मात्र रेल्वेच्या दप्तरी शेवटी 'आर' लावून आहे, गंगाखेर. साहेबाच्या कानाला आपला 'ड' तसा ऐकू आला असेल. तिकिटावर ते पाहून मी कितीदा हसलो होतो.

चुलती झोपली नव्हती. तिच्यापुढं फोटो धरला आणि विचारलं, "काकू, हे नांदेड का?"

"नांदेड कशाचं?" ती म्हणाली. "गंगाखेड हाय ते. धोंड्याच्या महिन्यात गंगंवर गेलतो आपण समदे. मानवत रोडहून गाडीत बसलो, परभणीला बदलली. तुझ्या मायला लई हौस. म्या बी हाय की बाजूला, ह्यो पदर दिसतोय तो माजाच."

खरंच फोटोच्या डाव्या कडेला एक पदर आहे. आमच्याकडे गोदावरीला गंगाच म्हणतात आणि धोंड्याच्या, म्हणजे अधिक महिन्यात तिच्यात स्नान करायला बायका हटकून जातात. पंचांग काढलं. १९६९ साली अधिक महिना होता. मी तेव्हा तीन वर्षांचा, कडेवर घेण्याजोगा. आईच्या दुखण्याला अजून तीन वर्षं अवकाश होता. मी चुलतीला विचारलं, इतकी वर्षं का नाही सांगितलं? ती म्हणाली, "तू कवा दावलास फोटू?"

मग मी तो फोटो पुन्हा पाहिला. पायाशी जे गाठोडं आहे त्यावर एक तांब्या ठेवलेला आहे, तोंडाला फडकं बांधलेला. गंगेचं पाणी घरी न्यायला बांधतात तसं. तोही मी कधी पाहिला नव्हता. आई ऊन डोळ्यांवर येतंय म्हणून कपाळाला आठ्या घालून उभी आहे.

मागच्या बाजूला पेन्सिलीनं 'नांदेड' लिहिलेलं होतं. अक्षर वडिलांचं, म्हणून खोडलं नाही. त्याच्याखाली नातीनं तिच्या पेनानं 'गंगाखेड, १९६९' लिहिलं आणि परळीच्या लाईनवर जिथं बोट ठेवायचं ते अक्षांश-रेखांशही. फोटो आता बाहेरच्या खोलीत आहे.